उत्तरायुष्यातील दांपत्यसुख
(शिरोली एमआयडीसी येथे समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



वधूवरांचा परिचय आणि गुणवंतांचा सत्कार हे आपल्या संमेलनाचे नित्याचे विषय होत. मी आज जो विषय घेतला आहे, तो ऐकून काही माना खाली जातील, हे मी जाणून आहे. परंतु या वसाहतीत दवाखाना चालविणाऱ्याने मौन धरणे मला अधिक लाजिरवाणे वाटते.

हा संकोच जुनाच. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. वाचकांच्या कामविषयक प्रश्नांना उत्तरे दिल्याबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला चालला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटल्यात हार झाली; तथापि मासिक कर्व्यांच्या मृत्यूपर्यंत, १९५३ पर्यंत, चालू राहिले.

फाउंड्रीत उभा जन्म घालविलेला गृहस्थ मधुमेहाच्या गोळ्या न्यावयास येतो, दारापर्यंत जातो आणि मागे वळून हलक्या आवाजात खरी व्यथा सांगतो. तिचे कारण केवळ वय नसते. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांनी रक्तवाहिन्या अरुंद होतात. ही तक्रार कित्येकदा हृदयविकाराची पूर्वसूचना असते. म्हणून जाहिरातीतील शक्तिवर्धकांच्या नादी न लागता तपासणी करून घ्यावी. हृदयविकारासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने सिल्डेनाफिलसारखे औषध घेतल्यास रक्तदाब एकाएकी घसरून प्राणावर बेतते. भगिनींना ऋतुनिवृत्तीनंतर कोरडेपणा व वेदना होतात. त्यांवरही साधे उपाय आहेत. पण पत्नी सांगत नाही, पती विचारीत नाही, आणि दोघांची अंथरुणे निमूटपणे वेगळी होतात.

काही घरांत ती आपण मुलेच वेगळी करतो. नातवंडे सांभाळण्यास आई पुण्याला, घर राखण्यास वडील शिरोलीस! चाळीस वर्षांचा संसार आपल्या सोयीसाठी दुभंगतो आणि त्यास आपण त्यांचे कर्तव्य म्हणतो. हातात हात घेऊन बसणे, रात्री कुणी कूस बदलल्याची चाहूल लागणे, हेही दांपत्यसुखच आहे.

ज्यांचा जोडीदार गेला, त्यांचे काय? याच करवीर राज्यात शाहू महाराजांनी १९१७ साली विधवापुनर्विवाहाचा कायदा केला. शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपण एवढेच करावे : मंडळाच्या वधूवर-नोंदवहीत साठीपुढील विधुर-विधवांसाठी एक पान राखावे. वाटणीची धास्ती वाटत असल्यास मृत्युपत्र आधी करून घ्यावे; पण त्या धास्तीपायी आईबापांना एकाकीपणाची शिक्षा देऊ नये.

ते पान पुढील वर्षी कोरे राहिले, तरी चालेल. ते आहे, एवढे कळले तरी एखाद्या वृद्धास धीर येईल.