मनाच्या जखमेची साक्ष कोण देणार?

मी व्यवसायाने वकील आहे. वकिलाने मानसशास्त्रावर बोलावे हे आपल्यापैकी काहींस चमत्कारिक वाटेल. परंतु आज मला जे सांगावयाचे आहे ते मला कचेरीतच पक्षकारांसमोर बसले असता उमगले आहे. आपण सातारा व सांगली जिल्ह्यांतील माणसे आहोत, म्हणून आरंभ आपल्याच मुलखातील एका घटनेने करतो.

१९०१ सालची ही गोष्ट. खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे नोकरीस असलेल्या वडिलांना भेटण्यासाठी साताऱ्याहून काही मुले निघाली. नवे कपडे घालून, मोठ्या हौसेने ती आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. घरून कोणी न्यावयास आले नाही. स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. पण मुले महारांची आहेत हे कळताच त्यांचा चेहरा पालटला. विटाळाच्या भयाने एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे कबूल करून मुलांनी गाडी स्वतः हाकावी व गाडीवानाने बाजूने पायी चालावे असे ठरले. जवळ शिदोरी होती, परंतु पाणी कोणी देईना, म्हणून ती मुले रात्रभर उपाशी राहिली. त्यांतील नऊ वर्षांचा एक मुलगा म्हणजे आपले परमपूज्य बाबासाहेब.

याच मुलाचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले होते. पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली गेलेली ती हीच शाळा. हा दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. दिवस आपण साजरा करतो, हे योग्यच आहे. परंतु त्या मुलाच्या मनावर मसूरच्या वाटेत काय उमटले, याचा विचार आपण करतो काय? तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर, परदेशातील मोठमोठ्या पदव्या मिळविल्यावर बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणी लिहिल्या, तेव्हा त्या रात्रीचा बारीकसारीक तपशील त्यांना जसाच्या तसा स्मरत होता. ही घटना आपल्या मनावर कायमची कोरली गेली, असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. एवढ्या समर्थ पुरुषाच्या मनात ती जखम राहिली, तर आपल्या साध्या मुलाबाळांची काय कथा?

काही वर्षांपूर्वी आपल्यातीलच एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. शिक्षणासाठी वसतिगृहात राहिलेली ही मुलगी वर्ष पुरे होण्याआधीच घरी परतली होती. जातीवरून टोमणे, सवलतीवरून कुचेष्टा, ताटावर बसताना दूर सरकणे, असे सारे घडले होते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने लोकांदेखत हेतुपुरस्सर केलेला जातीय अपमान हा गुन्हा आहे. म्हणून मी कायद्याचे पुस्तक उघडले आणि तारीख कोणती, वेळ कोणती, साक्षीदार कोण, असे विचारीत गेलो. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग एवढेच म्हणाली, "वकीलसाहेब, मला झोप येत नाही." या वाक्याला माझ्याजवळ कलम नव्हते. तिच्या आजीने देवऋषाचा अंगारा आणला होता. एका समुपदेशकाकडेही तिला नेले होते. त्याने, जातीचे एवढे मनास लावून घेऊ नये, असा उपदेश करून तिला वाटेस लावले होते. देवऋषी, समुपदेशक आणि मी, आम्ही तिघांनीही त्या मुलीचे ऐकले नाही, हे मला आज कबूल केले पाहिजे.

समुपदेशन या शब्दात उपदेश दडलेला आहे, पण ती विद्या उपदेशाची नव्हे. अमेरिकेतील कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली असे मांडले की, ऐकणाऱ्याच्या ठायी अकृत्रिमता, समोरच्या माणसाविषयी विनाअट आदर आणि त्याचे दुःख त्याच्या जागी उभे राहून जाणण्याची समानुभूती असेल, तर दुखावलेले मन स्वतःच सावरू लागते. आपणास हे परके वाटण्याचे कारण नाही. मन हे सर्वांचे केंद्र आहे ही भगवान बुद्धांच्या शिकवणीची पहिली विशेषता होय, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सांगितले. किसा गोतमी मेलेले मूल उराशी धरून आली, तेव्हा भगवंतांनी तिला मंत्र दिला नाही, की रागेही भरले नाहीत. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरची मोहरी आणावयास त्यांनी सांगितले आणि घरोघर फिरून तिचे तिलाच सत्य उमगू दिले.

परंतु मैत्रीची भावना पुरेशी नाही; तिला शास्त्राची जोड हवी. वकील होण्यासाठी जसे कायद्याचे शिक्षण व सनद लागते, तसे येथेही आहे. मानसशास्त्रात बी.ए., नंतर समुपदेशन हा विशेष विषय घेऊन दोन वर्षांचे एम.ए., आणि त्यासोबत अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष माणसांबरोबर केलेले काम, हा त्याचा राजमार्ग. ऐकावे कसे, गुप्तता राखावी कशी, कोणत्या क्षणी रुग्णास डॉक्टरकडे पाठवावे, आपल्या मनातील पूर्वग्रह कसे ओळखावेत, हे त्या देखरेखीतच शिकता येते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञासाठी १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आवश्यक केली. इतर मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांना २०२१ च्या संलग्न आरोग्यव्यवसाय कायद्याने आपल्या यादीत घेतले. म्हणून समुपदेशकाच्या दारी जाल तेव्हा, आपले शिक्षण काय व कोणाच्या हाताखाली झाले, असे विचारण्यास संकोचू नका.

आता संशोधनाविषयी. अमेरिकेत काळ्या व गोऱ्या मुलांच्या शाळा कायद्याने वेगळ्या होत्या. केनेथ क्लार्क व मेमी क्लार्क या काळ्या पतिपत्नींनी लहान मुलांपुढे काळ्या व गोऱ्या बाहुल्या ठेवल्या आणि यांतील चांगली कोणती, असे विचारले. बहुसंख्य काळ्या मुलांनी गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखविले. वेगळे बसविल्याने मुलांच्या मनात न्यूनत्व रुजते, अशी साक्ष केनेथ क्लार्क यांनी न्यायालयात दिली. १७ मे १९५४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या, तेव्हा या संशोधनाचा उल्लेख निकालाच्या टिपेत झाला. बंधुभगिनींनो, मनाची जखम न्यायालयात सिद्ध झाली, ती जखम झालेल्या समाजातील अभ्यासकांच्या साक्षीने!

आपल्या देशातही असा पुरावा आहे. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील शाळकरी मुलांना कागदावरील भूलभुलैय्ये सोडवावयास दिले. जात पुकारली नव्हती तेव्हा वरच्या व खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांत फरक दिसला नाही. जात सर्वांसमक्ष जाहीर करताच खालच्या मानलेल्या मुलांची कामगिरी घसरली. हे संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे उणेपणा मुलाच्या बुद्धीत नव्हता, त्या पुकारण्यात होता. या मुलीत आत्मविश्वास कमी आहे, असे लिहिणारे अहवाल पुष्कळ मिळतील. तो कोणी कमी केला, हा प्रश्न विचारणारे संशोधक आपल्याला हवेत, आणि ते आपल्या घरांतून यावयास हवेत.

यासाठी वाट बंद नाही. सातारा-सांगलीच्या काही महाविद्यालयांत मानसशास्त्र शिकविले जाते. बौद्ध झाल्याने सवलती जातात, अशी भीती काही कुटुंबांस अजून वाटते; ती निराधार आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांस केंद्राच्याही सवलती लागू झाल्या. शालान्त परीक्षोत्तर शिष्यवृत्ती आहे, आणि पीएच.डी.साठी पुण्याच्या बार्टी या संस्थेची अधिछात्रवृत्ती आहे. जातीचा दाखला वेळीच काढून ठेवा.

आजच्या दुःखासाठीही कायदा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने जात, धर्म, लिंग असा भेद न करता ही सेवा मिळण्याचा हक्क दिला. दारिद्र्यरेषेखालील माणसास, कार्ड असो वा नसो, सरकारी ठिकाणी मोफत उपचारांचा हक्क आहे. आपली माहिती गुप्त राखली जाण्याचाही हक्क आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे निर्देश दिले की, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. आपल्या मुलाच्या शाळेत तो आहे काय, हे लेखी विचारा. १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलिमानस सेवा मोफत मिळते. साताऱ्यातच डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी उभी केलेली परिवर्तन ही संस्था व्यसनमुक्तीचे व मानसिक आरोग्याचे काम करीत आली आहे.

मात्र एक गोष्ट विसरू नका. समुपदेशन हे न्यायाच्या जागी बसविता येणार नाही. ज्याने अपमान केला त्याला मोकळे सोडून ज्याचा अपमान झाला त्यालाच सहनशीलतेचे धडे देणे, हा दुसरा अपमान होय. तसेच फिर्याद नोंदविली म्हणजे मन बरे झाले, असेही नाही. त्या मुलीला मी पुढे एका प्रशिक्षित बाईंकडे पाठविले. त्यांनी पहिल्या दिवशी तिला काहीच सांगितले नाही, फक्त ऐकले. फिर्यादही तिने दिली, पण स्वतःच्या इच्छेने व पुरती झोप येऊ लागल्यावर.

म्हणून मातांना व पित्यांना माझी विनंती आहे. घरातील मूल गप्प झाले तर त्याला भित्रे म्हणू नका, अंगारा लावू नका. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात अंगाऱ्याला जागा नाही. त्याच्याजवळ बसा व ऐका. आणि आपल्या हुशार मुलामुलींत डॉक्टर, इंजिनियर, वकील यांच्याबरोबरच एखादा तरी मानसशास्त्रज्ञ घडवा. मसूरच्या स्थानकावर त्या नऊ वर्षांच्या मुलाला तुला काय झाले, असे विचारणारे कोणी नव्हते. आज आपल्या मुलांना ते विचारणारे माणूस आपल्यातूनच उभे राहिले पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!