यजमान आणि पाहुणा

उसनी आणलेली वस्तू कशी परत करावी, याचा संकेत घरोघरी ठाऊक असतो. शेजारचे पातेले घासूनपुसून परत जाते. त्याला पोचा पडला, तर पुढल्या खेपेस ते मिळत नाही. लॅपटॉपच्या बाबतीत हा संकेत पाळणे तितकेसे सोपे नाही. वेबसाइट घडवण्यास शिकणारा विद्यार्थी नातलगाचा लॅपटॉप मागून आणतो, तेव्हा त्याला त्यावर वेब सर्व्हर, डेटाबेस आणि त्यांची नाना उपांगे बसवावी लागतात. ती कानाकोपऱ्यांत पसरतात आणि काढून टाकली तरी त्यांचे अवशेष उरतात. मालकाचे काम त्यामुळे अडले, तर यंत्राबरोबर नातेही बिघडते.

यावरील तोडगा म्हणजे व्हर्च्युअल मशीन, अर्थात संगणकाच्या पोटातील दुसरा, आभासी संगणक. मूळ यंत्रास यजमान आणि आतल्यास पाहुणा, ही नावे तंत्रज्ञांच्याच परिभाषेतील आहेत. कल्पना नवी नव्हे. एकच महागडे यंत्र अनेकांनी वापरावे आणि प्रत्येकास ते स्वतंत्र भासावे, या हेतूने आयबीएमने १९६० नंतरच्या दशकात तिचा पाया घातला. १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर झाली. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने आणि २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्सने ती सोय घरगुती संगणकावर आणली.

पाहुण्याचा सारा संसार यजमानाच्या दृष्टीने डिस्कवरील एक-दोन मोठ्या फायलींत मावतो. ८ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर त्यास २ जीबी दिली, तरी चित्रमय पडद्याविना चालणारे लिनक्स आणि लहानसा सर्व्हर सुखाने चालतो. प्रयोगापूर्वीची स्थिती जतन करून ठेवता येते. प्रयोग फसला, तर तिथवर परतता येते. ओसरी मिळाली, तरी पाहुणा माजघरात शिरत नाही.

तथापि ही भिंत मुख्यतः यजमानाचे रक्षण करते, पाहुण्याचे नव्हे. डिस्कची ती फाइल यंत्राच्या मालकास सहज उचलून नेता येते. यजमानाच्या यंत्रात शिरलेला हेर-प्रोग्राम पाहुण्याच्या पडद्यावर टंकलेला पासवर्डही टिपू शकतो. पुसलेली फाइलही कित्येकदा पुन्हा हाती लागते. म्हणून पाहुण्याची डिस्क प्रारंभापासूनच कूटबद्ध असावी, ग्राहकांची खरी माहिती आणि चालू वेबसाइटच्या किल्ल्या तीत ठेवू नयेत, आणि लिहिलेल्या प्रोग्रामची प्रत रोजच्या रोज अन्यत्र जपावी. उसने यंत्र केव्हाही परत मागितले जाऊ शकते.

आणखी एक गोष्ट कोणतेही सॉफ्टवेअर करू शकत नाही. व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम अखेर यजमानाच्याच यंत्रावर बसवावा लागतो. तो बसवण्यापूर्वी मालकाची अनुमती घेणे, आणि काम संपताच पाहुण्याच्या फायलींसह तो काढून टाकणे, हे वापरणाऱ्याचेच कर्तव्य होय.