लोखंडी नांगर आणि शास्त्राचा पाठ
(दुधनी येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा तो घेण्यास शेतकरी धजेनात. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी त्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. पुढे १९१० साली औंध संस्थानाने दिलेल्या माळावर त्यांचा कारखाना उभा राहिला व किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणराव काही काळ मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते, याची या सभेत आठवण करणे अप्रस्तुत होणार नाही.

ही हकीगत वर्गात सांगितली म्हणजे मुले त्या शेतकऱ्यांस हसतात. तेथेच गुरुजींनी त्यांना थांबवावे. लोखंडाने माती बिघडते की नाही, हे हसणाऱ्या मुलांपैकी कोणी तरी पडताळून पाहिले आहे काय? त्यांनी केवळ ऐकले आहे. त्या शेतकऱ्यांनीही ऐकलेच होते. मग पडताळा कसा घ्यावा, हे मुलांनाच विचारावे. कोणी म्हणेल, मातीत खिळे पुरून मूग पेरू. फार चांगले, पण मूग उगवले नाहीत, तर दोष खिळ्यांचा की बियाण्याचा? या प्रश्नापाशी वर्ग काही वेळ अडला तरी चालेल. उत्तर फळ्यावर लिहून देण्याचा मोह येथे आवरला पाहिजे, कारण बिनखिळ्यांची दुसरी कुंडी हवी, हे मुलास स्वतः सुचणे हाच या पाठाचा गाभा आहे. माती एकाच शेतातील, पाणी सारखे, ऊन सारखे; फरक केवळ खिळ्यांचा. एकेका कुंडीवर निर्णय न देता दोन्ही प्रकारच्या तीन-तीन कुंड्या ठेवाव्यात. नारळाच्या करवंट्यांनीही काम भागते. आठ-दहा दिवसांनी रोपे मोजावीत, त्यांची उंची पट्टीने घ्यावी. मात्र दहा दिवसांच्या कुंडीवरून वर्षानुवर्षांच्या शेताविषयी किती बोलता येईल, हाही प्रश्न मुलांपुढे ठेवावा.

दुधनीच्या परिसरात या पद्धतीचा आणखी एक लाभ आहे. येथील कित्येक मुलांच्या घरी कन्नड बोलतात. पुस्तकी व्याख्या मराठीत म्हणताना ती अडखळतात व पुढे पुढे गप्पच बसतात. गुरुजींना ती मंद वाटू लागतात, आणि हा अन्याय वर्षभर चालतो. कुंडीतील रोपाकडे बोट दाखविण्यास व्याकरण लागत नाही. प्रथम पाहणे, मग आपल्या भाषेत सांगणे, शेवटी मराठी शब्द, हा क्रम ठेवल्यास ते मूल बोलू लागते.

आता नांगराच्या रचनेकडे वळू. जुना लाकडी नांगर जमीन फोडतो, परंतु ढेकूळ उलथीत नाही. काळ्या जमिनीतील हरळी व कुंदा यांची मुळे खोल असतात; ती वर काढावयाची तर फाळामागे वळणदार लोखंडी पत्रा हवा. म्हणजे अडचण आधी, आकार नंतर. पण माती उलथावयाची तर ओढ वाढते, आणि बैलांची ताकद मर्यादित असते. एक साधावे तर दुसरे बिघडते. या ओढाताणीतून मार्ग काढणे यालाच यंत्ररचना म्हणतात.

नांगरावर कोणकोणती बले असतात? बैलांची पुढची ओढ, मातीचा मागे खेचणारा विरोध, नांगराचे वजन खाली, आणि जमिनीचा आधार वर. बैलांचे खांदे उंच व फाळ खाली असल्यामुळे ओढ तिरपी असते. तिचा काही भाग नांगर पुढे नेतो व काही भाग वर उचलतो. म्हणून साखळी आखूड केली की फाळ उथळ चालतो, लांब केली की खोल जातो. शेतकरी हे बलांचे विभाजन न शिकता जाणतो. मुलांनी घरी वडिलांना वा आजोबांना विचारून यावे, हाच गृहपाठ द्यावा.

वर्गातील प्रयोगास खोक्यात वाळू, लाकडाचा ठोकळा व सायकलच्या जुन्या ट्यूबची अरुंद पट्टी पुरे. पट्टीने ठोकळा सावकाश, एकसारखा ओढावा व पट्टी किती सेंटिमीटर ताणली ते पाहावे. नंतर ठोकळ्यावर दगड ठेवून, मग खाली गोल पेन्सिली घालून, मग दोरी उंच धरून. दर वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रत्येक ओढ तीनदा मोजावी. तिन्ही आकडे जुळणार नाहीत.

ते न जुळणारे आकडे खोडू देऊ नयेत. वहीत तीन रकाने आखावेत: आधी काय वाटले, काय केले, काय दिसले. पहिला रकाना प्रयोगापूर्वी शाईने भरून घ्यावा. तपासताना पहिला व तिसरा रकाना जुळत नाही म्हणून गुण कापू नयेत, तेथे समासात "असे का झाले असावे?" एवढेच लिहून वही परत द्यावी.