वळण



आत्ता दीपप्रज्वलन झालं. माझी पहिली काडी मोडली, दुसरी विझली, आणि तिसऱ्या वेळी सूत्रसंचालकांनी पेटी अलगद माझ्या हातातून काढून घेतली. तुम्ही हसलात, टाळ्याही वाजवल्यात. अध्यक्षांना एवढी सूट असते. हेच सात वर्षांच्या मुलाच्या हातून झालं असतं, तर ‘धांदरट आहे मेला’ म्हणून त्याची बोळवण झाली असती.

काडी ओढणं हे काय प्रकरण आहे, बघा. डाव्या हातानं पेटी घट्ट धरायची, उजव्यानं काडी ओढायची. एक हात स्थिर, दुसरा चालता. जोर इतकाच की गूल पेटेल, पण काडी मोडणार नाही. पेटली की लगेच बोटं सावरायची. हे सगळं आपण न ठरवता करतो. काही मुलांना मात्र ते प्रत्येक वेळी नव्यानं ठरवावं लागतं. काल जमलेलं बटण आज पुन्हा अनोळखी असतं. शाळेत जाणाऱ्या शंभर मुलांत अशी पाच-सहा असतात. म्हणजे चाळीसच्या वर्गात दोन. वैद्यकात याला विकासात्मक समन्वय विकार म्हणतात, तोंडी ‘डीसीडी’. बुद्धी नेहमीसारखी, डोळे ठीक, हाताला दुखापत नाही. फक्त मनातली हालचाल बोटांपर्यंत नीट पोचत नाही.

आपल्या भाषेत याला शब्द नाही असं मात्र नाही. ‘हाताला वळण नाही’ असं आपण म्हणतो. हा शब्द मला आयुष्यभर छळत आला आहे. अक्षराचं वळण आणि मुलाला लावायचं वळण, दोन्हीला मराठीत एकच शब्द. त्यामुळे अक्षर किडमिडं दिसलं की मुलाच्या संस्कारांवरच शंका घेतली जाते, आणि संस्कारांचा हिशेब आईकडे मागितला जातो. ‘सुंदर अक्षर हाच खरा दागिना’ असं शाळांच्या भिंतींवर लिहिलेलं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ज्याला तो दागिना घडवता येत नाही, त्यानं ती पाटी रोज वाचत वर्गात शिरायचं.

माझा धाकटा भाऊ असा होता. शाळेचं नाव घेत नाही, गुरुजींचंही नाही. पुस्ती बिघडली की ते हात उलटा करायला सांगत आणि पट्टीची धार बोटांच्या पेरांवर बसे. सुजलेल्या बोटांनी मग तो तेच पान पुन्हा लिही. आई काही बोलायची नाही. तिनं एकच केलं, त्याच्या सगळ्या चड्ड्यांची बटणं काढून टाकून नाडी घातली आणि सदऱ्यांना पुढून टिचबटणं लावली. नाडीची गाठही ती आधीच मारून ठेवायची, त्यानं फक्त ओढून घट्ट करायची. पुढे मी या विषयाचं शिक्षण घ्यायला मुंबईला गेले, तेव्हा तिथल्या बाईंनी फळ्यावर ‘शेवटची पायरी आधी शिकवा’ असं लिहिलं. मला वर्गात रडू आलं. भाऊ आजही सही करताना जीभ ओठाबाहेर काढतो.

मी शिकले त्या शास्त्राला इंग्रजीत ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात, पुस्तकी मराठीत व्यवसायोपचार, आणि बोलण्यात ओटी. मी ओटी करते असं सांगितलं, तर माझ्या सासरच्या एका आत्याबाईंनी ‘कुणाची भरतेस?’ असं विचारलं होतं. आपल्या देशात हे शिक्षण सुरू झालं ते १९५० साली, परळच्या केईएम रुग्णालयात, आणि ते सुरू केलं कमलाबाई निंबकरांनी. जन्मानं त्या अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची. माणूस आपल्या रोजच्या कामातूनच बरा होतो, हे या शास्त्राचं मूळ. काम म्हणजे कमाई नव्हे. लहान मुलाचं काम म्हणजे जेवणं, कपडे घालणं, खेळणं आणि, आपल्याकडे दुर्दैवानं सगळ्यात आधी, लिहिणं.

हे साहित्याचं व्यासपीठ आहे, म्हणून थोडं आपल्या घरातलं बोलते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अक्षर कसं काढावं याबद्दल आहे. लेखणी, शाई, समास, ओळी, काही सोडलेलं नाही. गुरुजींच्या पट्टीला आधार हवा असेल तर तो तिथे सापडतो. पण तोच दासबोध समर्थ सांगत गेले आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, असं परंपरा सांगते. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ चा उल्लेख आहे, आणि तिथे लेखक म्हणून नाव येतं ते सच्चिदानंदबाबांचं. तिथे लेखक म्हणजे लिहून घेणारा. तुकोबांचे अभंग उतरवून घेणारे संताजी जगनाडे आपल्याला ठाऊक आहेत. म्हणजे आपलं सगळ्यात मोठं वाङ्मय ज्यांनी रचलं आणि ज्यांनी कागदावर उतरवलं, ती माणसं पुष्कळदा वेगळी होती, आणि त्यात कुणाला काही कमीपणा वाटला नाही. तिसरीतल्या मुलानं ‘मी सांगतो, आई तू लिही’ म्हटलं की मात्र ती कामचुकारी ठरते.

निबंध सांगणं हे एक काम आणि तो लिहून काढणं हे दुसरं. ज्याचा सगळा जीव पेन्सिल सावरण्यात जातो, त्याच्याकडे वाक्यासाठी काही उरत नाही. म्हणून घरी ही दोन कामं वेगळी करा. निबंध त्यानं सांगावा, तुम्ही उतरवावा. अक्षराचा सराव वेगळ्या वेळी, दहा मिनिटं, तीनच ओळी. आणि शाळेतून दमून आल्या आल्या तर मुळीच नको.

आता घरात काय करायचं, हे आया मला जिन्यात गाठून विचारतात. आपल्याच लोकांत राहायचं म्हणजे भाजी घ्यायला गेले तरी दवाखाना सुरूच. मी पहिल्यांदा खुर्ची बघते. जेवणाच्या टेबलाशी बसून लिहिणाऱ्या मुलाचे पाय अधांतरी लोंबकळत असतात. बूड स्थिर नसेल तर बोटं स्थिर कशी होणार? पायाखाली पाट द्या. जुन्या पेढ्यांवर मुनीम उतरत्या डेस्कावर लिहीत, तसा उतार जाड फाइल वहीखाली ठेवून मिळतो, मनगट आपोआप योग्य जागी येतं. पेन्सिल टू-बी घ्या, म्हणजे दाब कमी लागतो. खडूचा अगदी छोटा तुकडा द्या, तो मुठीत मावतच नाही, तीन बोटांतच धरावा लागतो. पेन्सिल चार बोटांत धरली म्हणून हटकत बसू नका, पुष्कळांचं अक्षर तशा पकडीतही नीट येतं. शिरोरेषा तर मोठीच अडचण, कारण शब्द झाल्यावर हात उचलून पुन्हा मागे न्यायचा. मोडी लिहिणारे आपले कारकून आधी रेघ ओढून घेत आणि मग अक्षरं तिला टांगत. तेच करा. वहीची छापील रेघ हीच शिरोरेषा, अक्षर तिच्याखाली.

आणि स्वयंपाकघर. आपली वळणं तिथेच आहेत ना? लाडू वळतात, वाती वळतात, गव्हले वळतात. नखुल्या करणाऱ्या आजीची बोटं पाहिली की मला मण्यांचे बटवे करणारे कारागीर आठवतात. चिमटीतून रांगोळी सोडताना अंगठा आणि दोन बोटं जे करतात, पेन्सिलीला जवळजवळ तेच लागतं. मटार सोलायला, लसूण निवडायला, कणकेचा गोळा तिंबायला मुलाला जरूर बसवा.

पण इथे मला माझ्याच व्यवसायाची एक चूक कबूल केली पाहिजे. आम्ही वर्षानुवर्षं मणी ओवायला लावले, चिमट्यानं राजमा उचलायला लावला, आणि अक्षर सुधारेल असं सांगितलं. मुलं मणी ओवण्यात पटाईत झाली. अक्षर होतं तिथेच राहिलं. आता या क्षेत्रातला कल स्पष्ट आहे. जे काम यायला हवं, त्याच कामाचा सराव. बटण लावायचं तर बटणाचा, लिहायचं तर लिहिण्याचा. तेव्हा वाती वळायला लावा ते वाती हव्यात म्हणून, मूल घरातल्या कामात सामील व्हावं म्हणून. तो उपचार आहे असं समजून नव्हे. मुलाला ते लगेच कळतं, आणि मग मटारसुद्धा गृहपाठ होतात.

कॅनडातल्या हेलेन पोलाटायको आणि अँजेला मँडिच यांनी एक पद्धत बसवली. काय करायचं ते मुलानं ठरवायचं, कसं करायचं तेही त्यानंच शोधायचं, करून बघायचं, जमलं का ते तपासायचं. मोठ्यांनी फक्त विचारत राहायचं. माझ्याकडे एक मुलगा येई, त्याचा डबा रोज भरलेला परत यायचा. आई म्हणे, भाजी आवडत नाही. खरी गोष्ट अशी की त्याला झाकण उघडता येत नव्हतं, आणि ते बाईंना सांगायची लाज वाटत होती. मी विचारलं, ‘डबा हलतो कुठे?’ तो म्हणाला, ‘टेबलावर घसरतो.’ ‘मग?’ बराच वेळ विचार करून त्यानं डबा पोटाशी धरला, छातीनं दाबला आणि झाकण ओढलं. निम्मी उसळ शर्टावर. पण उघडला! मी शिकवलं असतं तर ओला रुमाल खाली ठेवायला सांगितलं असतं. ते त्याला चार दिवसांत विसरायला झालं असतं.

थोडं व्यवहाराचंही बोलते. एक हात दुसऱ्यापेक्षा उघड दुबळा असेल, वर्षाच्या आतच मूल एकच हात वापरत असेल, किंवा येत असलेलं काही येईनासं झालं असेल, तर माझं भाषण विसरा आणि थेट बालरोगतज्ज्ञाकडे जा. डीसीडीचं निदान साधारणपणे पाच वर्षांच्या आधी करत नाहीत. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिसग्राफियाही आहे आणि डिसप्रॅक्सियाही. प्रमाणपत्र मिळालं तर केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा आणि गरजेप्रमाणे लेखनिक. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून प्रमाणपत्र टाळणारी घरं आपल्यात आहेत. लोक आधीच म्हणताहेत, त्याला आळशी म्हणताहेत.

इथे हिंदी मुलखात आपली मुलं शाळेत हिंदी आणि इंग्रजी लिहितात, आणि मराठी घरी उरते. अडखळणाऱ्या हाताला तिसरं लेखन नको म्हणून मराठी सोडून देणारे आईबाप मला भेटतात. सोडू नका, फक्त लिहायला लावू नका. मुलाला आजीशी बोलू द्या, गोष्ट मोबाइलवर बोलून टाइप करू द्या. हवं तर कळफलक शिकवा, इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डावीकडे आणि व्यंजनं उजवीकडे आहेत, मुलांना ते लवकर कळतं.

संयोजकांनी मला एक गोष्ट करू दिली आहे. मागच्या खोलीत टेबल मांडलं आहे. दुपारच्या सत्रात मुलाचा डबा, दप्तर, बटणांचा शर्ट घेऊन या, आणि मुलालाही आणा. दाराशी नावांची वही ठेवली आहे. ज्यांना त्यात स्वतःच्या हातानं लिहायचं नसेल त्यांनी, वय काहीही असो, फक्त नाव सांगावं. मी लिहून घेईन.