विहिरीतली दोन मडकी

तलावांचा जिल्हा असा ज्याचा लौकिक, त्या भंडाऱ्यात, आणि त्यातही चांदपूरचा जलाशय व बावनथडी नदी ज्याला जवळ आहेत त्या सिहोरा परिसरात, शुद्ध पाण्याचा विषय निघाला की पहिली पृच्छा खर्चाची होते; परंतु माझ्या मते घरोघरच्या शुद्ध पाण्याच्या आड खर्च फारसा येत नाही, येतो तो निगराणीचा अभाव.

रोवणीच्या दिवसांत बांध्यांतले गढूळ पाणी विहिरीत उतरते आणि अतिसार, कावीळ यांचा उपद्रव सुरू होतो. अशा घरगुती विहिरीसाठी नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने, म्हणजे 1958 साली स्थापन झालेल्या संशोधनशाळेने, दोन मडक्यांची एक युक्ती सिद्ध केली, जी कोणत्याही कुंभाराच्या आव्यातून साकार व्हावी. लहान मडक्यात 1 किलो ब्लीचिंग पावडर, जिला आपण टीसीएल म्हणतो, आणि 2 किलो जाडी रेती ओलसर कालवून भरावी. मिश्रणाच्या वरच्या बाजूस मडक्याला 1 सेंटिमीटर व्यासाचे छिद्र असावे. हे मडके मोठ्या मडक्यात ठेवावे, ज्याला तळापासून 4 सेंटिमीटरवर तसेच छिद्र आहे. मोठ्याचे तोंड प्लास्टिकने बांधावे आणि सारे दोराने पाण्याखाली निदान 1 मीटर सोडावे. सुमारे 4,500 लिटर पाण्याच्या आणि रोज 400 लिटरच्या आसपास उपशाच्या विहिरीत क्लोरीन हळूहळू झिरपत दोन ते तीन आठवडे पुरते. पावडर मात्र ताजी हवी. उघड्या पोत्यात दमट कोपऱ्यात पडलेली पावडर वास देते, काम करीत नाही.

सबंध गावासाठी मला मंद वाळूगाळणी सर्वांत प्रिय आहे. नागपूर जिल्ह्यातील बोरुजवाडा येथे ‘नीरी’ने तिचे प्रात्यक्षिक उभारले होते. वाळूच्या थरातून दर चौरस मीटरला ताशी सुमारे 100 लिटर पाणी संथपणे उतरते, आणि वरच्या पृष्ठभागावर सूक्ष्मजीवांची जी कातडी धरते तीच रोगजंतूंचा फडशा पाडते. म्हणून गाळणी अहोरात्र चालू राहावी. गाळणीच्या आधी क्लोरीन घालू नये, तो नंतरच घालावा, नाहीतर रक्षकच मारला जातो. प्रवाह मंदावला की वरची एक-दोन सेंटिमीटर वाळू खरवडावी आणि कातडी पुन्हा धरेपर्यंत ते पाणी पिण्यास देऊ नये. फार गढूळ पाणी आधी टाकीत निवळू द्यावे.

मात्र वाळू आणि क्लोरीन ही दोन्ही, बोअरवेलच्या पाण्यात विरघळलेल्या फ्लोराइडपुढे निष्प्रभ ठरतात; तेव्हा बोअरचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घेतल्यावाचून विश्वासाने पिऊ नये.

घरात आल्यावर शुद्ध केलेले पाणी झाकलेल्या माठात ठेवून लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे; माठात बुडवलेला हात सारे श्रम मातीमोल करतो.

आपल्या ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. आज संध्याकाळी त्याला घेऊन गावातील शेवटच्या घराच्या नळाशी जा आणि ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे की नाही याची तपासणी, करावयास सांगा. नळीतले पाणी पिवळसर झाले नाही, तर उद्या सकाळीच सरपंचांना भेटा.