दिवाणखान्यातील खर्ज

एका गृहस्थांनी हौसेने आपल्या दिवाणखान्यात होम थिएटर बसविले. समोर तीन स्पीकर, मागे दोन आणि खर्जासाठी कोपऱ्यात सबवूफरची जड पेटी. रविवारी संध्याकाळी घरातील सारी मंडळी चित्रपट पाहावयास जमली. पडद्यावर मेघ गर्जले तशा खिडकीच्या काचा थरथरल्या आणि मुले खूष झाली. मागच्या भिंतीला टेकून आरामखुर्चीत बसलेल्या आजी मात्र पुन्हा पुन्हा विचारीत होत्या, "काय म्हणाला रे तो?" आवाज वाढविला, तरी त्यांस शब्द कळेनात. उलट खालच्या मजल्यावरील शेजारी तक्रार घेऊन वर आले. गंमत अशी, की खोलीच्या बरोबर मध्यावर सोफ्यात बसलेल्या गृहस्थांस स्वतःस खर्ज कमीच वाटत होता! अशा वेळी दोष कोणाचा? बहुधा तो यंत्राचाही नसतो व कानाचाही नसतो. तो खोलीचा असतो.

पाण्याने भरलेले घंगाळ हलकेच हेलकावले, तर काय दिसते? पाणी एका काठाशी चढते, दुसऱ्या काठाशी उतरते, आणि मध्यभागी पातळी जवळजवळ होती तेथेच राहते. बंद खोलीतील हवेचे नेमके असेच होते. ध्वनि सेकंदास सुमारे ३४३ मीटर धावतो. म्हणून सेकंदास ३४ कंपने असलेल्या खर्ज स्वराची लाट दहा मीटर लांब असते. खोली पाच मीटर लांब असेल, तर ही लाट तीत बरोबर अर्धी मावते, समोरासमोरच्या भिंतींवर आपटून स्वतःवरच येऊन पडते, आणि तेथल्या तेथे हेलकावत राहते. भिंतींजवळ तो स्वर फुगतो. मध्यभागी तो जवळजवळ नाहीसा होतो. हीच खोली साडेतीन मीटर रुंद व तीन मीटर उंच असेल, तर रुंदीमुळे ४९ च्या आणि उंचीमुळे ५७ च्या आसपासचे स्वर असेच फुगतात. एखादा स्वर शेजारच्या स्वराहून दहा डेसिबल वर चढणे हे ह्या प्रदेशात नवलाचे नाही.

मोठ्या सभागृहात हे हेलकावे असंख्य व एकमेकांस इतके लागून असतात, की कान त्यांस वेगळे ओळखत नाही. छोट्या खोलीत ते मोजके आणि विरळ, म्हणून प्रत्येक जण उठून दिसतो. त्यात आपल्याकडील घरांच्या भिंती विटांच्या वा काँक्रीटच्या. अमेरिकेतील पुष्कळ घरांत लाकडी सांगाड्यावर पातळ तक्ते ठोकलेले असतात. ते स्वतः थरथरून थोडा खर्ज गिळतात. आपली भरीव भिंत त्यास परत फेकते. पडदे व सतरंज्या ह्यांचा उपयोग उंच स्वरांपुरता. दहा मीटरच्या लाटेस त्यांची दखलही नसते.

आता आजींच्या प्रश्नाचा उलगडा होतो. त्यांची खुर्ची भिंतीशी, म्हणजे खर्जाच्या भरतीत होती. जोरकस खर्ज आपल्याहून उंच स्वरांस झाकून टाकतो, आणि शब्दांची स्पष्टता तर बरीचशी उंच स्वरांतील व्यंजनांवर अवलंबून असते. आवाज वाढविला म्हणजे झाकण अधिकच जड होते. इकडे गृहस्थ ओहोटीच्या जागी बसून खर्जाची कळ पिळीत होते, आणि त्याचा भार पडत होता तो आजींवर व शेजाऱ्यांवर.

मग उपाय कोणता? आजकालच्या रिसीव्हरांबरोबर एक लहानसा मायक्रोफोन येतो. यंत्र ठराविक ध्वनि सोडते, खोलीतून परत येणारा ध्वनि मोजते आणि फुगलेले स्वर आपल्या हिशेबाने खाली आणते. ह्यास खोलीची दुरुस्ती म्हणतात. पण शब्द थोडा फसवा आहे. खोली आहे तशीच राहते, दुरुस्ती होते ती तिच्यात सोडल्या जाणाऱ्या ध्वनीची. फुगवटा कमी करणे यंत्रास सहज साधते. खड्डा भरणे मात्र साधत नाही. घंगाळातील पाणी कितीही जोराने हेलकावा, मध्याची पातळी चढणार नाही. दहा डेसिबल वाढविण्यासाठी ॲम्प्लिफायरला दहापट शक्ती लागते. ती खर्चूनही खड्डा तसाच राहतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी जागा, मग यंत्र. पहिली गोष्ट बैठकीची. ती खोलीच्या मध्यावर नको आणि भिंतीला चिकटूनही नको; मागच्या भिंतीपासून लांबीच्या एक-तृतीयांशावर ती बरी. दुसरी गोष्ट पेटीची. कोपऱ्यात पेटी सर्वांत जोरात वाजते, पण खोलीचे सारे हेलकावेही तेथूनच सर्वांत अधिक जागे होतात. एक सोपी युक्ती करून पाहावी. पेटी घटकाभर आपल्या बसण्याच्या जागी ठेवावी, खर्जाची चाल असलेले एखादे संगीत लावावे आणि स्वतः भिंतीच्या कडेकडेने वाकून, पेटीच्या उंचीवर कान नेऊन ऐकत फिरावे. जेथे खर्जाचा प्रत्येक स्वर सारखा उमटतो, ती पेटीची जागा. दोन स्थानांची अदलाबदल केली, तरी त्यांच्यामधील ध्वनीचे नाते बदलत नाही, ह्या तत्त्वावर ही युक्ती उभी आहे.

ऐपत असेल, तर एका मोठ्या पेटीपेक्षा दोन लहान पेट्या बऱ्या. टॉड वेल्टी ह्या ध्वनितज्ज्ञांनी २००२ साली मांडलेल्या अभ्यासात असे दाखविले, की चौकोनी खोलीत समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेल्या दोन पेट्या निरनिराळ्या आसनांवर खर्ज पुष्कळच सारखा करतात. चारांहून अधिक पेट्यांनी फारसे काही साधत नाही. कारण उघड आहे. दोन्ही काठांवरून एकदम सारखेच ढकलले, तर पाणी हेलकावणार कसे?

ह्यानंतर मायक्रोफोन लावावा. तो हातात न धरता तिकाटण्यावर, कानाच्या उंचीवर ठेवावा. पंखा बंद करावा. आणि एकाच जागी न मोजता बैठकीच्या आसपास पाच-सहा जागी मोजावे. एका बिंदूसाठी केलेली दुरुस्ती शेजारच्या आसनास बाधू शकते. सुमारे ८० कंपनांखालील ध्वनि सबवूफरकडे वळवावा, ही पुष्कळांना मानवणारी सीमा आहे. मोजणीनंतर यंत्राने पेटीचे अंतर फितीने मोजलेल्यापेक्षा जास्त दाखविले, तर ते बदलू नये. पेटीच्या अंतर्गत यंत्रणेत ध्वनीस जो उशीर होतो, तो त्यात धरलेला असतो.

उरते ती पातळी. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर व मन्सन ह्यांनी १९३३ साली दाखवून दिले, की हळू आवाजात मनुष्याचा कान खर्जास विशेष मंद असतो, आणि खर्जाच्या बाबतीत थोड्या डेसिबलांचा फरकही त्यास मोठा भासतो. म्हणून मोजणीनंतर कळ फिरवायचीच, तर एकेक डेसिबलाने फिरवावी, आणि एखाद्या धमाक्यावर नव्हे, तर साध्या संभाषणावर व ओळखीच्या गाण्यावर पारखावी. रात्री मात्र शेजाऱ्यांची आठवण ठेवून ती खाली आणणेच योग्य. भिंती व जमीन ओलांडून जातो तो खर्जच, आणि त्यावर घरगुती उपाय फारसा चालत नाही.

त्या गृहस्थांनी पेटी कोपऱ्यातून काढली, सोफा थोडा मागे घेतला आणि आजींची खुर्ची भिंतीपासून सोडवून सोफ्याशेजारी आणली. मग मोजणी केली. एक पैचाही नवा खर्च झाला नाही. पुढच्या रविवारी मेघ गर्जले ते गर्जलेच. पण काचा थरथरल्या नाहीत, आणि आजींनी काही विचारले नाही. तंबोऱ्याची चौथी तार खर्जाची असते. ती बिघडली, तर गवयाचा पाय डळमळतो. तीच सर्वांवर गरजू लागली, तर गाणे बुडते. दिवाणखान्यातील खर्जासही हाच नियम लागू आहे.