समुद्रापार गेलेलें चर्च



मॅट्रिकच्या वर्गास शेक्सपिअरचे उतारे मीं पुष्कळ वर्षें शिकविले. परंतु तीं नाटकें आपल्या हातीं आलीं कशीं, हें मुलांस कधीं सांगितलें नाहीं. ती उणीव आज भरून काढतों.

शेक्सपिअर १६१६ सालीं वारला, तेव्हां त्याचीं सुमारें निम्मीं नाटकें छापलींच गेलीं नव्हतीं. जॉन हेमिंग्ज व हेन्री काँडेल या त्याच्या नटमित्रांनीं तीं १६२३ सालीं छापविलीं. नाहीं तर ‘मॅकबेथ’ व ‘ज्युलियस सीझर’ बहुधा कायमचीं लुप्त झालीं असतीं. हे दोघे लंडनमधील सेंट मेरी ऑल्डरमनबरी या चर्चच्या वस्तींत राहत, त्याचा कारभार पाहत, आणि तेथेंच त्यांस पुरण्यांत आलें.

१६६६ च्या आगींत हें चर्च जळालें. सर ख्रिस्तोफर रेन यानें तें पुन्हां उभारलें : पोर्टलंडचा फिकट दगड, आंत खांब, वर कमानदार छत, बाजूस चौकोनी मनोरा. पुढें २९ डिसेंबर १९४० च्या रात्रीं जर्मन बाँबवर्षावांत छत व लांकूडकाम खाक झालें. भिंती, खांब व मनोरा तेवढे उरले. वीस-पंचवीस वर्षें ते तसेच उभे होते.

अमेरिकेंतील मिसूरी राज्यांत फुल्टन म्हणून लहानसें गांव आहे. तेथील वेस्टमिन्स्टर कॉलेजांत चर्चिलसाहेबांनीं ५ मार्च १९४६ रोजीं ‘लोखंडी पडद्या’चें प्रसिद्ध भाषण केलें. त्याचें स्मारक म्हणून कॉलेजनें हें भग्न चर्चच मागून घेतलें! सुमारें ७,००० दगड सोडवून जहाजानें नेण्यांत आले व पुन्हां एकावर एक रचले गेले. आंतील छत, लांकूडकाम व कांचा रेनच्या धाटणीवर नव्यानें केल्या. मे १९६९ मध्यें समर्पणविधि झाला.

आपल्याकडे जीर्णोद्धारांत दगड बदलतात, जागा राहते. येथें जागा सुटली, दगड राहिले. ज्या वस्तीचें चर्च तिनेंच तें गमवावें, हें मला प्रथम मुळींच रुचलें नाहीं. पण लंडनच्या त्या भागांत आतां कचेऱ्या फार, राहतीं घरें थोडीं. रविवारीं प्रार्थनेस यावयाचें कोणीं? माझी नाराजी गेली नाहीं, तक्रारीचा जोर मात्र ओसरला.

जुन्या जागीं आज लहानशी बाग आहे. खांबांच्या बैठका जमिनीलगत दिसतात. हेमिंग्ज व काँडेल यांचें १८९६ सालचें स्मारक मात्र फुल्टनला गेलें नाहीं. त्यावर शेक्सपिअरचा अर्धपुतळा आहे, आणि खालीं दगडांत कोरलेलें एक उघडें पुस्तक.